ट्रॅक्टरचा अल्टरनेटर : ओळख व सुधारणा

हंगामात सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, की पहिला दोष बॅटरीला दिला जातो. मीही दिला होता. घरच्या ट्रॅक्टरला ऐन पेरणीत नवी बॅटरी बसविली आणि आठ दिवसांत तीही उतरली. दोष निघाला अल्टरनेटरमागच्या जाड वायरच्या थिंबलमध्ये. ते सैल होऊन काळे पडले होते. माझा विषय पीकशास्त्र, पण पैसे गेल्यावर हाही धडा गिरवावा लागला.

बरेच शेतकरी बंधू अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात. मोटार, जीप वा ट्रॅक्टर, मूळ रचना सारखीच. पट्ट्यामुळे पुली फिरते व तिच्याबरोबर आतला रोटर. कार्बन ब्रशांतून रोटरच्या वेटोळ्याला थोडा प्रवाह मिळतो व तो चुंबक बनतो. भोवतीच्या स्टेटरमध्ये एसी वीज तयार होते. बॅटरीला डीसी लागते, म्हणून डायोड ती एकदिश करतात. व्होल्टेज वाढू लागले की रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमी करतो.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन मध्यम वेगात ठेवल्यावर १३.८ ते १४.५ दिसावेत. १३ च्या खाली असल्यास चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचे पाणी आटू लागते.

आता खरी सुधारणा. इंजिन चालू ठेवून दिवे लावावेत. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टला व दुसरी बॅटरीच्या धन टोकाला लावावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास वीज वाटेतच वाया जाते आहे. तसेच अल्टरनेटरचे अंग व बॅटरीचे ऋण टोक यांत पाहावे. तेथे फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त असल्यास इंजिन बंद करून बॅटरीची ऋण वायर प्रथम काढावी. जोड पॉलिश पेपरने घासून घट्ट करावेत, कुजलेली वायर त्याहून जाड घालावी. रंगकाम झालेल्या ट्रॅक्टरवर ब्रॅकेटखालचा रंगही खरवडावा. नवा अल्टरनेटर घेण्याआधी एवढे करून पाहावेच.

दिवे लावताच पट्टा किंचाळत असेल तर तो सैल आहे. इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. फार ताणल्यास बेअरिंग जाते. मळणीनंतर आत बसलेला भुसा हवेने काढावा, पण धुताना पाण्याचा फवारा तेथे मारू नये.

रात्रीच्या नांगरटीसाठी ५५ वॉटचे चार दिवे जोडले, तर सुमारे १८ ॲम्पिअर लागतात. ३६ ॲम्पिअरच्या अल्टरनेटरचे निम्मे बळ त्यातच जाते, आणि मंद वेगात तो पूर्ण वीज देतही नाही. अशा वेळी दिवे कमी करावेत.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग पाहण्याची’ गावठी रीत अनेक ठिकाणी आहे. त्याने व्होल्टेज एकदम उसळते व डायोड, रेग्युलेटर जळू शकतात. मिस्त्री तसे करू लागला तर त्याला थांबवावे. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी मात्र, इंजिन बंद ठेवून, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात.