मेंदूच्या पेशी, लोह आणि विस्मृती

मागच्या सोमवारी एक परिचित गृहस्थ आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आले. आजींना स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, होऊन तीन वर्षे झाली. पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. ‘‘लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?’’ मी विचारले. ‘‘महिन्यापूर्वी बंद केल्या, डॉक्टरसाहेब. लोहाने मेंदूच्या पेशी मरतात असे वाचले.’’

त्यांनी वाचले ते निव्वळ खोटे नव्हते. म्हणूनच आज या विषयावर लिहितो आहे.

पेशी दोन तऱ्हांनी मरतात. भाजले किंवा मार लागला की पेशी फुटते, तो अपघात. दुसऱ्या तऱ्हेत पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःच आवरते घेते. गर्भातील बाळाच्या बोटांमधला पडदा असाच नाहीसा होतो. केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या मरणाला ‘ॲपॉप्टॉसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. एका मिलिमीटरभर कृमीच्या वाढीत १०९० पैकी नेमक्या १३१ पेशी अशा गळतात. त्या कृमीवरील संशोधनाला २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कातडीची पेशी गेली तर नवी येते. मेंदूतील मज्जापेशी गेली की बहुधा गेलीच. अल्झायमर रोगात पेशींबाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, आत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात आणि पेशी मरत जातात. मग हे मरणच थोपवता आले तर?

बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनी २०२३ मध्ये एक लक्षणीय प्रयोग प्रसिद्ध केला. मानवी मज्जापेशी त्यांनी उंदरांच्या मेंदूत रुजवल्या. अमायलॉइड साचलेल्या मेंदूत मानवी पेशी मेल्या, उंदरांच्या स्वतःच्या मात्र टिकल्या. मानवी पेशींत ‘नेक्रोप्टॉसिस’ हा पेशी फुटण्याचा ठरीव क्रम सुरू झाला होता. औषधाने तो अडवल्यावर पेशी वाचल्या. पण हे उंदरांत, हे विसरू नये. शिवाय मरायला नकार देणारी पेशी म्हणजेच कर्करोगाची सुरुवात, तेव्हा असे औषध सरसकट देणे सोपे नाही.

आता लोहाकडे वळू. २०१२ मध्ये ‘फेरोप्टॉसिस’ हा आणखी एक प्रकार वर्णिला गेला. डब्यातले तेल खवट होते, तसे लोहाच्या साहाय्याने पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ खवट होतात व पेशी मरते. मेंदूतील लोह काढून घ्यावे, या कल्पनेला त्यातून बळ मिळाले. थॅलेसेमियाच्या मुलांना देतात ते डेफेरिप्रोन हे औषध अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिले. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूतील लोह घटले, पण औषध घेणाऱ्यांची बुद्धी नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा लवकर ढासळली! कागदावर बिनचूक दिसणारा तर्क शरीरात उलटा पडतो, तो असा.

आणि मेंदूत साचलेले लोह वेगळे, रक्ताला लागणारे लोह वेगळे. रक्त कमी झाले की म्हाताऱ्या माणसाला थकवा येतो, तोल जातो, गोंधळ वाढतो. घरच्यांना वाटते, आजार बळावला.

विस्मृतीची सुरुवात दिसताच बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावे, उदासीनता आहे का पाहावे. यातली विस्मृती पुष्कळदा उपचाराने सुधारते. रक्तदाब, मधुमेह व कमी ऐकू येणे यांकडेही दुर्लक्ष नको. खरा अल्झायमर असेल तर डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही काळ थोडा आधार मिळतो. एवढेच. पेशी वाचवणारी गोळी म्हणून कुणी काही विकत असेल तर पैसे घालवू नका.

आजींचे हिमोग्लोबिन साडेसात निघाले. एका महिन्यात एवढे उतरत नाही, म्हणजे रक्त कुठूनतरी जात असावे. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत आणि शौचाची तपासणी सांगितली आहे.