व्यवहारांतील निर्णय आणि इंग्रजी शब्द

शाळेंत इंग्रजी भाषेचा परिचय होतो तो बहुधा कथा-कवितांच्या द्वारें. परंतु पुढें पेढीवर, कचेरींत अगर कारखान्यांत काम करावयाचें झालें म्हणजे त्याच भाषेची दुसरी बाजू दृष्टीस पडते. तेथें प्रत्यहीं कांहीं ना कांहीं ठरवावें लागतें. आणि काय ठरलें, काय ठरावयाचें राहिलें, हें नेमक्या शब्दांत कळवावें लागतें. येथें शब्द चुकला तर परीक्षेंतील एखादा गुण जाण्यावरच भागत नाहीं. पैसा आणि पत हीं दोन्हीं धोक्यांत येतात. यास्तव अशा कांहीं शब्दांचा येथें विचार करूं.

१. विचाराचे शब्द. निर्णयाची पहिली पायरी विचार. 'कन्सिडर' म्हणजे विचार करणें. 'वे' म्हणजे तोलणें. 'डेलिबरेट' म्हणजे सावकाश, सर्व बाजूंनीं विचार करणें. हा शब्दही लॅटिन भाषेंतील तराजूवाचक शब्दापासून आला, असें व्युत्पत्तिकार मानतात. अनुकूल व प्रतिकूल मुद्द्यांस 'प्रोज अँड कॉन्स' म्हणतात. प्रीस्टली या शास्त्रज्ञापुढें एक नवी नोकरी पत्करावी कीं नाहीं, असा प्रश्न असतां बेंजामिन फ्रँकलिन यानें १७७२ सालीं त्यास पत्र लिहून एक युक्ति सांगितली. कागदाच्या मधोमध रेघ ओढावी. एका बाजूस अनुकूल व दुसऱ्या बाजूस प्रतिकूल कारणें तीन-चार दिवस सुचतील तशीं लिहावीं. सारख्या वजनाचीं कारणें समोरासमोर खोडावीं. आणि शेवटीं पारडें कोणीकडे झुकतें तें पाहावें. ही युक्ति आजही उपयोगी पडण्यासारखी आहे.

२. चर्चेचे शब्द. आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतों, म्हणून पुष्कळ मुलें 'डिस्कस अबाउट' असें लिहितात. तें चूक आहे. 'डिस्कस' या क्रियापदास 'अबाउट'ची जोड लागत नाहीं. सभेपुढील कामांच्या यादीस 'अजेंडा' म्हणतात. ठराव मांडणें म्हणजे 'मूव्ह', त्यास अनुमोदन देणें म्हणजे 'सेकंड', आणि ठराव मंजूर झाला म्हणजे तो 'कॅरीड' झाला. सर्वांचें एकमत असल्यास 'युनॅनिमस' हा शब्द योजावा. केवळ बहुमत असल्यास तो योजूं नये. सभेच्या वृत्तांतास 'मिनिट्स' म्हणतात. त्याचा घड्याळाच्या मिनिटांशीं घोटाळा करूं नये. आपल्या वडिलांच्या सहकारी पतपेढीच्या सभेंतही हे शब्द कानीं पडतील.

एका शब्दाविषयीं मात्र विशेष सावध असावें. 'टेबल' या क्रियापदाचा अर्थ इंग्लंडांत 'चर्चेसाठीं पुढें मांडणें' असा, तर अमेरिकेंत 'चर्चा पुढें ढकलणें' असा आहे. दुसऱ्या महायुद्धांत या एका शब्दावरून दोन्हीं राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांत लांबलचक वाद झाला, आणि शेवटीं उभय पक्षांस एकच गोष्ट हवी होती असें आढळून आलें. ही हकीकत चर्चिल यांनीं आपल्या महायुद्धाच्या इतिहासांत नमूद केली आहे.

३. निर्णयाचे शब्द. 'डिसाइड' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'कापून टाकणें' असा आहे. एक मार्ग पत्करला कीं बाकीचे तोडले जातात, हें त्या शब्दानें चांगलें सुचविलें आहे. निर्णय घेणें यास 'मेक अ डिसिजन' किंवा 'टेक अ डिसिजन' म्हणतात. बऱ्याच खलानंतर निर्णयास येणें म्हणजे 'रीच अ डिसिजन'. न्यायाधीश किंवा खेळांतील पंच निर्णय देतो, तेथें 'गिव्ह' हें क्रियापद शोभतें. निर्णय लांबणीवर टाकणें म्हणजे 'पोस्टपोन' अथवा 'पुट ऑफ'.

४. पत्रांतील शब्द. खरी कसोटी येथें लागते. समजा, एका व्यापाऱ्यानें तांदळाचीं पन्नास पोतीं अमुक भावानें देऊं केलीं. त्यास 'वुई शॅल कन्सिडर युवर ऑफर' असें उत्तर लिहिलें, तर आपण केवळ विचार करण्याचें कबूल केलें. 'वुई ॲक्सेप्ट युवर ऑफर' असें लिहिलें, तर आपण मान्यता दिली. मग भाव उतरला तरी माघार घेणें कठीण. १८७२ च्या हिंदी करार कायद्याप्रमाणें मान्यता निरपवाद व बिनशर्त असावी लागते. म्हणून 'ॲक्सेप्ट' लिहून पुढें 'प्रोव्हायडेड' या शब्दानें नवी अट घातली, तर ती मान्यता ठरत नाहीं. पत्र पोंचल्याची केवळ पोंच द्यावयाची असल्यास 'ॲक्नॉलेज' हा शब्द पुरेसा आहे.

अभ्यास. पुढील वाक्यांचें इंग्रजी करा: (१) आपल्या पत्राचा आम्ही विचार करीत आहों. (२) ठराव एकमतानें मंजूर झाला. (३) माल सोमवारपर्यंत मिळणार असेल तरच आम्हांस हा भाव मान्य आहे.

तिसरें वाक्य लिहून झाल्यावर तें वडील माणसांस दाखवावें, व त्या शब्दांनीं आपण बांधले गेलों कीं नाहीं, हें त्यांस विचारावें. लेखणी उचलण्यापूर्वीं आपण विचाराच्या पायरीवर आहों, चर्चेच्या आहों, कीं निर्णयाच्या, हें ज्यानें मनाशीं ठरविलें, त्यास योग्य शब्द शोधावयास फार वेळ लागत नाहीं.