आधी हात, मग चित्र

वाचन : लूक 10:25–37

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांस नेणारी नाव उलटली व अनेक जीव गेले. त्याच पुरात नावेतून पाहणी करणाऱ्या एका मंत्र्यांचे हसतमुख चित्रण प्रसिद्ध झाले. लोकांस ते फार लागले. परंतु त्यांस बोल लावणारे आपण स्वतः काय करतो? साताऱ्याकडे महामार्गावर अपघात झाला म्हणजे जखमीभोवती गर्दी जमते. पुष्कळांच्या हाती मोबाईल असतो. त्यावरून 108 ला बोलावणारे किती?

चित्र घेणे हेच पाप, असे नव्हे. चित्रांमुळेच सांगलीची दैना दूरच्या लोकांस कळली. दोष आहे तो क्रमात. दाखल्यातील याजकाने व लेव्याने जखमीस पाहिले होते. शोमरोनी मात्र जवळ गेला.

“पोलिसांचे लचांड नको,” असे कोणी म्हणतील. पण 2019 साली मोटार वाहन कायद्यात कलम 134अ घालण्यात आले. सद्भावाने मदत करणाऱ्यास त्याने संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर नाही. विशेष हे की, कायद्याने त्यास नाव दिले तेही ह्याच शोमरोन्याचे. मग भीतीची सबब कोठे उरली?

मननासाठी प्रश्न :

1. जखमी आपला भाऊ असता, तर त्याचे चित्र आपण कोणास दाखविले असते?

2. आपल्या गावात रक्तस्राव थांबविण्यास कोण शिकला आहे? नसल्यास ह्या महिन्यात कोण शिकेल?