घोडा गप्प झाला की

"घोडी आता गरीब झाली हो डॉक्टर, पूर्वीसारखी दांडगाई करत नाही," असं कौतुकानं सांगणारे मालक लग्नसराईत हमखास भेटतात. अशी घोडी मी आधी तपासून घेतो. वयानं जनावर निवतं हे खरं, पण त्याला वर्षं लागतात. परवापर्यंत खरारा करताना शेपूट झाडणारी, चंदीचा डबा वाजला की खूर आपटणारी घोडी पंधरा दिवसांत मेंगळट झाली, तर तिचं काहीतरी दुखतंय असं धरून चला.

आपल्या वेळापूर-अकलूज भागात घोड्यांना तोटा नाही. अकलूजच्या बाजारातून आणलेली हौसेची मारवाडी आणि काठेवाडी, वरातीच्या घोड्या, धनगरांच्या वाड्यांबरोबर फिरणारी भीमथडी तट्टं. शिवाय आषाढीला माउलींची पालखी खुडूसचं रिंगण उरकून वेळापुरी मुक्कामाला येते, तिच्यासोबतचे अश्व तर अंकलीहून आळंदीपर्यंतही पायीच आलेले असतात. रिंगणात घोडा भरधाव सुटतो तेव्हा सगळा गाव पाहतो. वैद्याला मात्र दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची पहिली वीस पावलं पाहायची असतात.

तुम्हीही तेच करा. घोडा सोडवून सपाट, कडक जमिनीवर सैल दोरीनं चालवा. पाऊल आखूड पडतंय का, वळताना सगळं अंग एकदम फळीसारखं फिरतंय का, दुडकीत मान एका बाजूला जास्त उचलली जातेय का? पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उडवतो. दहा मिनिटांत अंग मोकळं झालं तर बहुधा सांधे आंबलेत किंवा वय झालंय. चालवून उलट वाढलं, तर तिथंच थांबा.

कारण सगळं आखडणं सारखं नसतं. दोन दिवस उभा ठेवून पोटभर चंदी चारली आणि तिसऱ्या दिवशी एकदम कामाला काढला, की कधी कधी थोड्याच वेळात पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे होतात, घाम फुटतो, लघवी चहा-कॉफीच्या रंगाची होते. अशा घोड्याला "चालवलं की सुटेल" म्हणून ओढत नेऊ नये. स्नायू आणखी फाटतात आणि मूत्रपिंडावर येतं. जागेवर उभा ठेवा, पाणी द्या, डॉक्टर बोलवा. मागचे पाय पोटाखाली घेऊन, पुढचे पाय पुढं ताणून उभा असेल आणि खुरं गरम लागत असतील, तर खुराच्या आतला दाह समजा. घोट्याच्या मागं बोटं टेकली तर नाडी टणटण उडताना लागते. चोरून खाल्लेलं धान्य किंवा बेहिशेबी चंदी हे याचं नेहमीचं कारण. चंदी बंद, पायाखाली मऊ वाळू, खुरांना बर्फाचं पाणी आणि त्याच दिवशी उपचार. कान ताठ, शेपूट उचललेली, जबडा घट्ट आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढं आलेला दिसला तर तो धनुर्वात. खिळा लागलेल्या खुरातून तो सहज शिरतो, म्हणून त्याची लस चुकवू नका.

आता चेहरा. घोडा हे शिकारीला भिणारं जनावर; अनोळखी माणसासमोर दुखणं लपवतं. डॉक्टर आले की कान टवकारून उभं राहतं आणि मालक तोंडघशी पडतो. म्हणून तबेल्याच्या आडून, त्याला कळू न देता पाहा. कान मागं किंवा बाजूला पडलेले, डोळ्यावरची त्वचा ताणून हाड उठून दिसणारं, डोळा अर्धा मिटलेला, नाकपुडी ताणलेली, हनुवटी आवळलेली. असा चेहरा दुखण्याचा. मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

शरीर ठीक असूनही घोडा खचतो. मान पाठीच्या रेषेत, नजर एकाच जागी, हाक मारली तरी कान हलत नाही. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये रपेटीच्या शाळांतले असे घोडे अभ्यासले आणि त्यांची तुलना माणसाच्या नैराश्याशी केली. पण माझा आग्रह असा, की "मन लागत नाही" हे निदान सगळ्यात शेवटी करावं. आधी ताप पाहा. निरोगी घोड्याचा ताप साधारण ९९ ते १०१.५ अंश फॅरेनहाइट, विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४. पावसाळ्यात चावऱ्या माश्यांमुळे होणाऱ्या सर्रा रोगात ताप येतो-जातो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते, घोडा झुरत जातो; मालकाला वाटतं जोडीदार विकला म्हणून रुसलाय. दात आणि खोगिराखालची पाठही तपासून घ्या.

हे सगळं निघालं नाही, तर मग दिनक्रम बदला. घोड्याचं पोट दिवसरात्र थोडं थोडं चरण्यासाठी घडलेलं आहे. दोन वेळा चंदी आणि मधे रिकामी गव्हाण, यानं पोटात व्रणही होतात आणि जीवही विटतो. कडबा, सुकं गवत पुढ्यात असू द्या. अगाडी-पिछाडी लावून दिवसभर बांधण्यापेक्षा कुंपणाच्या तुकड्यात मोकळा सोडा, शेजारी दुसरं जनावर दिसेल असा. डीजेच्या भिंतीसमोर तासन् तास उभ्या केलेल्या, मागच्या पायांवर नाचवलेल्या घोड्याबद्दल मी वेगळं काय सांगू? त्याच्या मागच्या सांध्यांत आणि डोक्यात काय होतं ते तबेल्यात परतल्यावर दिसतं.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या घोड्याला देऊ नका, आतडी आणि मूत्रपिंड खराब होतात. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक विनाशुल्क आहे. फोन करताना ताप, नाडी, शेवटची लीद केव्हा पडली आणि आठवड्यात चंदीत काय बदललं, हे सांगा.