रिकामी पिन म्हणजे शून्य नव्हे

डिजिटलच्या प्रॅक्टिकलला ट्रुथ टेबल सगळ्यांनाच पाठ असतं. तरी ब्रेडबोर्डवरचं सर्किट भलतंच उत्तर देतं आणि आपण आयसीला दोष देऊन मोकळे होतो. पुष्कळदा आयसी ठणठणीत असते. आपण तिला प्रश्नच नीट विचारलेला नसतो.

करून बघायला 74एलएस00 ही एक आयसी पुरे. तिच्यात चार नॅन्ड गेट्स असतात. दोन्ही इनपुट 1 असतील तरच नॅन्डचं आउटपुट 0 होतं, एरवी 1. एका नॅन्डची दोन्ही इनपुट एकत्र जोडली की झालं नॉट गेट. दोन नॅन्डचं अँड, तीनचं ऑर आणि चारही वापरले की एक्सॉर. एक्सॉर म्हणजे आपला जिन्यातला दिवा! वरचं किंवा खालचं, कुठलंही एक बटण दाबा, दिवा चालू असेल तर बंद होतो, बंद असेल तर लागतो.

एक्सॉरची जोडणी अशी: पिन 14 ला +5 व्होल्ट, पिन 7 ला ग्राउंड. चार पेन्सिल सेल लावू नका, त्यांचे 6 व्होल्ट होतात. या आयसीला 4.75 ते 5.25 व्होल्टच हवेत. इनपुट 'ए' पिन 1 आणि 4 ला द्या, 'बी' पिन 2 आणि 10 ला. पिन 3 वरून 5 आणि 9 ला वायर घ्या. 6 वरून 12 ला, 8 वरून 13 ला. उत्तर पिन 11 वर मिळेल.

आता खरी मेख. 0 द्यायचा म्हणून आपण वायर नुसती उपसून ठेवतो. पण टीटीएल आयसी मोकळी पिन 1 समजते! 'बी'ची वायर सुटली असेल तर 'बी' 1 असलेल्या दोन ओळी बरोबर येतात आणि 0 असलेल्या दोन्ही चुकतात. म्हणजे अर्धंच टेबल तपासणारा सहज फसतो. म्हणून 0 म्हणजे ग्राउंडला जोडलेली वायर आणि 1 म्हणजे 1 किलोओहममधून +5 ला जोडलेली वायर, हे पक्कं करा.

उत्तर चुकलं तर सगळं उपटू नका. दोन्ही इनपुट 1 ठेवून मल्टिमीटरने क्रमाने मोजा. पिन 3 वर 0 हवा, 6 आणि 8 वर 1, आणि 11 वर 0. इनपुटला 0.8 व्होल्टच्या खाली 0 आणि 2 च्या वर 1 धरतात. मधलंच काही दिसलं तर आधी वायर तपासा. जिथे पहिली गडबड दिसेल, तिथूनच शोधायला लागा.

हे फक्त मार्कांसाठी नाही. समजा, प्रेस मशीनचं जाळीचं दार बंद असलं की 1 जातो. उद्या ती वायर तुटली आणि सर्किटने मोकळी पिन 1 धरली, तर दार उघडं असूनही मशीन चालेल. आत कुणाचा तरी हात असेल. तेव्हा चारही ओळी तपासा आणि एकेक वायर मुद्दाम काढूनही बघा. मगच म्हणा, 'चालतंय!'