आरोग्याची नोंद आणि जनतेचा विश्वास

मुंबई उपनगरातील खारदांडा हा समुद्रकाठचा जुना कोळीवाडा. येथे घराला घर लागून आहे. एका दारी विचारलेला प्रश्न शेजारच्या दारी सहज ऐकू जातो. अशा वस्तीत आजाराची माहिती गोळा करणे हे केवळ वहीत नोंद करण्याचे काम नव्हे. मासळी विकून संसार चालविणाऱ्या स्त्रीस क्षयरोग झाल्याची वार्ता बाजारात पोहोचली, तर तिचे गिऱ्हाईक तुटू शकते. या भीतीने तपासणी टळते, उपचार लांबतो आणि रोग घरात पसरतो. क्षयरोग्याची माहिती शासनास कळविणे २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नोंद आवश्यकच आहे. परंतु ती ज्यांच्या हाती पडते, त्यांच्यावर रुग्णाचा विश्वास असणे तितकेच आवश्यक आहे.

इतिहासाचा धडा

मुंबईने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आढळला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार मिळाले. घरांची झडती आणि रुग्णांना सक्तीने हलविणे सुरू होताच लोक आजारी माणसे लपवू लागले. ९ मार्च १८९८ रोजी शहरात दंगल उसळली. सक्तीने रोग उघड होण्याऐवजी अधिकच दडला.

कोविडच्या काळात हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी घरोघरी जाऊन आजारांची विचारपूस केली. काही राज्यांत रुग्णांच्या दारांवर फलक लागले होते. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय असे फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले.

कायदा आणि आचरण

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आलेल्या एचआयव्हीविषयक कायद्याने रुग्णाची स्थिती त्याच्या लेखी संमतीविना उघड करण्यास, काही अपवाद सोडून, मनाई केली. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मात्र साथीच्या काळात उपचारासाठी संमतीविना माहिती वापरण्याची तरतूद आहे. जेथे संमतीची अट शिथिल होते, तेथे कर्मचाऱ्याची जबाबदारी वाढते.

ही जबाबदारी साध्या आचरणातूनच पार पडते. माहिती कशासाठी हवी, हे प्रथम सांगावे. गरजेपुरतेच विचारावे, तेही हळू आवाजात व आडोशाला. नोंदवही उघडी टाकू नये. रुग्णांची यादी भ्रमणध्वनीवरून कोणालाही पाठवू नये. नागरिकानेही माहितीचे प्रयोजन निःसंकोच विचारावे. तो त्याचा हक्क आहे. आपले नाव वस्तीभर होणार नाही याची खात्री पटली, तरच कोळीवाड्यातील रुग्ण पहिल्या खोकल्यालाच दवाखान्याची पायरी चढेल.