मोटारीच्या विम्याचा हिशेब

मोटार बाळगणाऱ्या घरांत दरसाल विम्याचा कागद येतो व बहुधा न वाचतांच कपाटांत जातो. त्या एका कागदांत दोन विमे असूं शकतात. पहिला, आपल्या गाडीखालीं कोणी वाटसरू सांपडल्यास त्याला किंवा त्याच्या मुलांबाळांना भरपाई देण्याचा. हा १९८८ च्या मोटार-वाहन कायद्यानें सक्तीचा आहे व त्याचा मूळ हप्ता सरकार ठरवितें. सबब त्यांत स्वस्ताई शोधणें व्यर्थ होय. दुसरा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असून त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. चौकशी करावयाची ती येथेंच.

परंतु फसगतही येथेंच होते. हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची विमा-किंमत उतरवून लिहितात. सहा लाखांची गाडी पांच लाखांची लिहिली आणि ती चोरीस गेली, तर हातीं फार तर पांच लाख येतील. मग हप्त्यांत वांचलेले थोडे रुपये काय कामाचे?

खरी सवलत निराळी आहे. वर्षभर भरपाई न मागणारास पुढील सालीं या दुसऱ्या हप्त्यांत शेंकडा २० सूट मिळते; अशीं लागोपाठ पांच वर्षें गेलीं कीं ती शेंकडा ५० होते. ही सूट गाडीची नव्हे, मालकाची. नवी गाडी घेतली तरी ती बरोबर येते. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले कीं ती बुडाली.

मुलांनीं एक गणित घरीं मांडावें. दुसरा हप्ता ८,००० रुपये, किरकोळ दुरुस्ती १,२०० रुपयांची. भरपाई मागितल्यास पुढील सालची १,६०० रुपयांची सूट जाते.